राउटर आणि स्विचमध्ये डुप्लेक्स मिसमॅच, पिंग मात्र झकास

बॅलार्डपिअरकर | सोमवार, रात्री ८.४०

मंडळी, जरा डोकं लावा. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगवाल्यांच्या ऑफिसचं नेटवर्क आमच्याकडे नुकतंच एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, आलंय. आधीच्या व्हेंडरने ना डायग्राम ठेवला, ना पासवर्डची धड यादी. जुनी दगडी इमारत, दोन मजले. दुसऱ्या मजल्यावर सिस्कोचा १८४१ राउटर आणि त्याखाली २९६० स्विच, तिसऱ्यावर आणखी एक २९६०. इंटरनेट फायबरने येतं, भिंतीवर मीडिया कन्व्हर्टर, तिथून तांब्याची केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात.

दोन्ही स्विचच्या लॉगमध्ये दर मिनिटाला हे येतंय. लोकलमध्ये उभ्याने फोनवरून टाइप करतोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा आलाय, तेव्हा देवनागरीतच वाचा:

सीडीपी-४-डुप्लेक्स_मिसमॅच: डुप्लेक्स मिसमॅच डिस्कव्हर्ड ऑन फास्टइथरनेट०/२४, नॉट हाफ डुप्लेक्स, विथ राउटर फास्टइथरनेट०/०, हाफ डुप्लेक्स

म्हणजे एक टोक एकाच वेळी पाठवतं आणि घेतं (फुल), दुसरं एका वेळी दोन्हींतलं एकच करतं (हाफ). वरच्या मजल्याच्या स्विचवर असंच, फक्त पोर्ट ०/१२ आणि समोर कुठल्यातरी जुन्या राउटरचं इथरनेट०.

ऑफिसवाल्यांची तक्रार अशी की ब्राउझिंग बरं चालतं, पण स्कॅन केलेल्या मोठ्या फायली बाहेर पाठवायच्या म्हटलं की जीव जातो. मी पिंग लावून बसलो. एक मिलिसेकंद, एकही ड्रॉप नाही. आमचे साहेब म्हणतात, नुसती वॉर्निंग आहे, एरर कुठे आहे, लॉग बंद करून टाक. करू का बंद?

सीप्झकर | सोमवार, रात्री ९.०५

बंद करू नकोस. साहेबांचं अर्धं बरोबर आहे. सीडीपी-४ मधला ४ म्हणजे तीव्रता, शून्य सगळ्यात भयंकर आणि ७ म्हणजे डीबगची बडबड. म्हणून ती वॉर्निंग. पण ती देणारा सीडीपी, म्हणजे सिस्कोच्या डब्यांनी शेजाऱ्याला ओळख सांगायचा प्रोटोकॉल, फक्त सेटिंगची तुलना करतो. दर ६० सेकंदांनी दोन्ही डबे एकमेकांना सांगतात, मी अमुक, माझं पोर्ट तमुक, मी फुल किंवा हाफ. जुळलं नाही की ओरडतो. किती फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, मेल्या ते त्याला ठाऊक नसतं. ते काउंटरमध्ये दिसतं.

उद्या एवढं कर. दोन्ही टोकांना, परत सांगतो, दोन्ही टोकांना, क्लिअर काउंटर्स मार. मग ऑफिस भरात असताना तासभर जाऊ दे. त्यानंतर स्विचवर शो इंटरफेसेस स्टेटस आणि शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स, राउटरवर शो इंटरफेसेस फास्टइथरनेट०/०. इथे टाक. काउंटर न पुसता आकडे टाकलेस तर कुणी बघणार नाही, ते कुठल्या काळातले आहेत देव जाणे.

ठाणे_स्लो | सोमवार, रात्री ९.३०

हे असलं अजून असतं? मला वाटलं हाफ डुप्लेक्स हबबरोबर भंगारात गेला.

केबलकाका | सोमवार, रात्री १०.१५

भंगारात गेला असता, पण ऑटो-निगोशिएशनच्या नियमात तो जिवंत आहे. बस, सांगतो.

फास्ट इथरनेट १९९५ साली आलं, आयईईई ८०२.३यू. त्यातच ऑटो-निगोशिएशन आलं. दोन पोर्ट जोडली की एकमेकांना बारीक पल्सचे झुबके पाठवतात, त्यांना फास्ट लिंक पल्स म्हणतात. त्यात प्रत्येकजण सांगतो, मला १०० फुल जमतं, १०० हाफ जमतं, १० फुल, १० हाफ. दोघांना जमणारं त्यातलं सगळ्यात चांगलं ठरतं. इथवर झकास.

आता एका बाजूने कुणीतरी हाताने स्पीड १०० डुप्लेक्स फुल लिहिलं. बऱ्याच डब्यांवर असं केलं की ते पोर्ट हे झुबके पाठवणंच बंद करतं. दुसरं पोर्ट ऑटोवर आहे. त्याला समोरून उत्तर येत नाही, पण सिग्नल तर येतोय. सिग्नलच्या ठेवणीवरून ते ओळखतं की १० आहे की १००. याला पॅरलल डिटेक्शन म्हणतात. स्पीड बरोबर सापडतो. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून कळायला काही मार्गच नाही. तेव्हा स्टँडर्ड सांगतं, न बोलणाऱ्यासमोर हाफ व्हा.

म्हणजे एका बाजूला फुल ठोकलं आणि दुसरी ऑटोवर ठेवली की दुसरी बाजू हाफ होणार. नशिबाने नव्हे, नियमाने. लिंकचा दिवा हिरवा, स्पीड दोन्हीकडे १००, सगळं आलबेल दिसतं. स्पीड चुकला असता तर लिंक उठलीच नसती आणि तासाभरात कुणीतरी दुरुस्त केलं असतं. डुप्लेक्स चुकला तर लिंक उठते, म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं.

तुझ्या स्विचवर ०/२४ ला कुणीतरी फुल ठोकलेलं निघेल, बघ.

नवशिकी_नेरळ | सोमवार, रात्री १०.४०

काका, एक शंका. न बोलणाऱ्यासमोर फुलच का नाही व्हायचं? आजकाल सगळंच फुल असतं ना?

केबलकाका | सोमवार, रात्री ११.००

आजकाल गं. १९९५ मध्ये न बोलणारा म्हणजे नव्वद टक्के हब किंवा जुनं १० एमबीचं कार्ड. हबवर सगळे एकच वायर वाटून घ्यायचे, तिथे हाफशिवाय पर्यायच नव्हता. फुल डुप्लेक्सचं स्टँडर्ड, ८०२.३एक्स, आलं १९९७ मध्ये, तेही दोन वर्षांनी. तेव्हा हाफ म्हणणं शहाणपणाचंच होतं. नव्वद टक्के हा आकडा माझ्या तोंडचा आहे, कुठे छापू नकोस.

रॅकताई | मंगळवार, सकाळी ७.५०

पिंग झकास का येतो ते कुणी सांगितलं नाही अजून. मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारतात, म्हणून नीट लिहिते.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. समजा दोन स्टेशनांच्या मध्ये प्रत्यक्षात दोन रूळ आहेत, पण एका स्टेशनमास्तरला वाटतं एकच आहे. दुसऱ्याला माहीत आहे की दोन आहेत. दुसरा गाड्या वाटेल तेव्हा सोडतो. पहिला गाडी सोडताना समोर बघतो, काही येत नाहीये ना. आणि आपली गाडी अर्धी बाहेर पडल्यावर समोरून काही दिसलं, की टक्कर झाली समजून आपली गाडी तिथेच थांबवतो आणि रद्द करतो. समोरच्या स्टेशनला पोहोचते फक्त तुटलेली अर्धी गाडी.

तो पहिला म्हणजे हाफवालं पोर्ट. इथरनेटचा हिशेब असा की टक्कर व्हायची तर पहिल्या ६४ बाइट्समध्येच व्हायला हवी, म्हणजे ५१२ बिट. त्या आत झाली तर साधं कोलिजन, थोडं थांबून कार्ड स्वतःच परत पाठवतं, सोळा प्रयत्नांपर्यंत. ६४ बाइट्सनंतर झाली तर ते लेट कोलिजन. तिथे बहुतेक हार्डवेअर हात वर करतं, फ्रेम गेली ती गेली. वर टीसीपी (डेटा पोचला की नाही ते बघणारा प्रोटोकॉल) असेल तर तो वाट बघून परत पाठवणार, आणि मध्ये आपला वेग कमी करणार.

आता पिंग. एक छोटं पाकीट जातं, मग उत्तर येतं, मग एक सेकंद शांतता. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतच नाहीत. टक्कर कशी होणार? फाईल पाठवताना मात्र एकीकडून मोठमोठ्या फ्रेम सलग जातात आणि त्याच वेळी उलट दिशेने टीसीपीच्या पोचपावत्या येतात. तिथे मरतं. म्हणून पिंग स्वच्छ आणि फाईल गोगलगाय, ही डुप्लेक्स मिसमॅचची जुनी सही आहे. पिंगनेच बघायचं असेल तर राउटरवरून १५०० बाइट्सचे हजारभर सोड, आणि त्याच वेळी कुणाला तरी फाईल चढवायला लाव.

काउंटरमध्ये हे असं दिसतं: हाफ बाजूला लेट कोलिजन वाढतात. फुल बाजूला कोलिजन शून्य, कारण तो मोजतच नाही, पण एफसीएस म्हणजे सीआरसी एरर (तपासणीत न जुळलेल्या फ्रेम) आणि रंट (फारच छोटे तुकडे) वाढतात, त्या अर्ध्या तुटलेल्या फ्रेम्सचे. दोन्ही टोकं बघायला सीप्झकरांनी सांगितलं ते याचसाठी. फुल बाजूचेच आकडे बघितलेत तर केबल खराब वाटेल आणि तुम्ही क्रिम्पिंग करत बसाल.

ठाणे_स्लो | मंगळवार, सकाळी ८.२०

ताई, एक नंबर. आमच्याकडे एकाने अख्खी केबल बदलली होती.

हार्डकोडभाऊ | मंगळवार, सकाळी ११.१०

एवढं पुराण कशाला? दोन्हीकडे स्पीड १००, डुप्लेक्स फुल ठोका आणि विषय संपवा. पंधरा वर्षं सगळीकडे हेच करतोय. ऑटोवर माझा विश्वास नाही.

केबलकाका | मंगळवार, दुपारी १२.३०

भाऊ, तुमचा अविश्वास कुठून आला ते मला माहीत आहे, कारण मीही त्याच काळातला. सुरुवातीच्या फास्ट इथरनेट कार्डांचं ऑटो खरंच बेभरवशाचं होतं, एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही. तेव्हा सगळे ठोकायचे आणि बरोबरच करायचे. पण ती कार्डं गेली, सवय राहिली.

ठोकण्यातला त्रास असा की ते दोन्ही टोकांना आणि कायम ठोकलेलं राहावं लागतं. तुम्ही ठोकलंत. दोन वर्षांनी स्विच जळला, नवा बॉक्समधून काढून लावला, तो ऑटोवर. झाला मिसमॅच. आज हा मुलगा जे भोगतोय ते कुणीतरी असंच ठोकून गेलेलं आहे, पैज लावतो.

आणखी दोन गोष्टी. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ऑटो-एमडीआयएक्स, म्हणजे केबल सरळ आहे की क्रॉस ते स्वतः ओळखणं, नीट चालायला स्पीड-डुप्लेक्स ऑटोवर लागतं. स्विच-टू-स्विच साध्या पॅच कॉर्डने जोडलेलं असताना ठोकायला गेलात तर लिंकच तुटायची भीती. आणि तांब्यावरच्या गिगाबिटला, १९९९ पासून, ऑटो-निगोशिएशन सक्तीचं आहे, कारण घड्याळ कुणाचं चालणार तेही त्यातच ठरतं. तिथे तुमचा ठोकण्याचा मार्गच बंद.

हार्डकोडभाऊ | मंगळवार, दुपारी १२.५५

गिगाबिटचं मान्य. पण आयएसपीवाले आजही १०० फुल ठोकायला सांगतात, त्याचं काय?

केबलकाका | मंगळवार, दुपारी १.०५

त्यांनी ठोकलेलं असेल तर आपणही ठोकायचं. पर्याय नाही. माझं म्हणणं ऑटो पवित्र आहे असं नाही, दोन्ही टोकं सारखी हवीत असं आहे.

बॅलार्डपिअरकर | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

काका, पैज जिंकलात. काउंटर सकाळी पुसले होते, हे दुपारनंतरचं.

स्विचवर ०/२४ समोर डुप्लेक्सच्या रकान्यात फुल आणि स्पीडच्या रकान्यात १००. बाकीच्या पोर्टांसमोर ए-फुल आणि ए-१०० आहे. तो ए नाही म्हणजे ठोकलेलंच ना? रनिंग कॉन्फिगमध्येही स्पीड १००, डुप्लेक्स फुल लिहिलेलं आहे. राउटरवर मात्र काहीच लिहिलेलं नाही, डुप्लेक्स ऑटो, स्पीड ऑटो, आणि प्रत्यक्षात दाखवतोय हाफ-डुप्लेक्स, १०० एमबी.

स्विचकडे एफसीएस आणि रंट शेकड्यांनी, कोलिजन शून्य. राउटरकडे लेट कोलिजन. ताईंनी लिहिलं तसंच्या तसं.

स्विचवर दोन्ही ऑटो करतो. काही सांभाळायचं?

सीप्झकर | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

हो, ए म्हणजे ऑटोने ठरलेलं. ए नसेल तर कुणीतरी हाताने लिहिलेलं.

सांभाळायचं एवढंच की पोर्ट पडून परत उठेल, आणि राउटरकडच्या पोर्टावर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सेटिंग) नसेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कात फेरा होऊ न देणारी यंत्रणा, १५ अधिक १५, म्हणजे तीसेक सेकंद काही जाऊ देणार नाही. जेवणाच्या सुट्टीत कर. कन्सोल केबलने बसलास तर उत्तम. ज्या लिंकवरून आत शिरलायस तीच बदलत असशील तर आधी रीलोड इन १० मार. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंस तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुनं कॉन्फिग उचलेल. सगळं नीट झालं की रीलोड कॅन्सल, आणि मगच राइट मेमरी. हा क्रम उलटा करू नकोस.

महापेचा_रात्रपाळीवाला | मंगळवार, रात्री ११.५०

एक भर घालतो, कुणी बोललं नाही म्हणून. स्विच-टू-स्विच लिंक चुकून हाफवर गेली तर नुसता वेग जात नाही. रॅपिड स्पॅनिंग ट्री फुल डुप्लेक्सवरूनच ठरवतं की ही पॉइंट-टू-पॉइंट लिंक आहे. हाफ दिसली की ती शेअर्ड धरतं आणि मग झटपट पोर्ट उघडण्याची सोय त्या लिंकवर बंद. शो स्पॅनिंग-ट्रीमध्ये टाइपच्या रकान्यात पीटूपीच्या जागी एसएचआर दिसेल. एलएसीपीचं बंडल (अनेक लिंक बांधून केलेली एक) असेल तर हाफवालं पोर्ट त्यात घेतलंच जात नाही. आमच्याकडे नव्या मुलांना मी हा रकाना आधी बघायला सांगतो, वॉर्निंग नंतर.

बॅलार्डपिअरकर | बुधवार, दुपारी ३.२०

बदललं. ०/२४ आता ए-फुल, राउटर फुल, खालच्या स्विचची वॉर्निंग गेली. आतल्या आत, म्हणजे दोन मजल्यांवरच्या दोन नेटवर्कांमध्ये राउटरमधून फाईल कॉपी होते ती उडायला लागली.

पण. बाहेर फाईल चढवणं अजून रडतंय. आधीपेक्षा बरं, पण रडतंय. ऑफिसचे मॅनेजर म्हणतात, झालं नाही ना अजून? आयएसपीला फोन केला तर पलीकडून ठरलेलं उत्तर, सर आमच्याकडून लिंक स्टेबल आहे, तुमच्या लॅनचा प्रॉब्लेम असेल. वॉर्निंग तर कुठलीच नाही आता त्या राउटरवर.

रॅकताई | बुधवार, दुपारी ३.४५

राउटरच्या दुसऱ्या पोर्टाचे, फास्टइथरनेट०/१ चे आकडे बघितलेत का? वॉर्निंग नाही म्हणजे मिसमॅच नाही असं नव्हे. वॉर्निंग येते ती समोरचाही सीडीपी बोलत असेल तरच. मीडिया कन्व्हर्टर सीडीपी बोलत नाही, तो काहीच बोलत नाही, मुका डबा आहे तो. त्याच्याशी कितीही बिघडलेलं असलं तरी लॉग गप्प राहणार.

बॅलार्डपिअरकर | बुधवार, दुपारी ४.०५

०/१ हाफ-डुप्लेक्स, १०० एमबी. लेट कोलिजन इथेही. आईशप्पथ.

सीप्झकर | बुधवार, दुपारी ४.१५

कन्व्हर्टरच्या बाजूला किंवा खाली बारीक डिप स्विच असतील. बघ. तिथे एक ऑटो किंवा फोर्स असं काहीतरी असतं आणि एक फुल-हाफ. आणि हात लावू नकोस, तो आयएसपीचा डबा आहे. फोटो काढ आणि त्यांना लेखी तिकीट टाक: पोर्ट ऑटोवर आहे की १०० फुल लॉक, एवढं एकच विचार. लेट कोलिजनचा आकडा सोबत जोड. स्लो चालतंय असं लिहिलंस तर पुन्हा लॅनचा प्रॉब्लेम हेच ऐकशील.

केबलकाका | बुधवार, संध्याकाळी ५.३०

आणि हाफमुळे वर-खाली दोन्हीकडे मार बसतो हे लक्षात ठेव. तुझा राउटर पाठवत असताना समोरून आलेली फ्रेमही टकरीत जाते, आणि समोरच्याला पत्ताच नसतो की ती गेली. अपलोडमध्ये जास्त जाणवतं कारण मोठ्या फ्रेम तुझ्याकडून निघतात आणि अर्ध्यात तुटतात.

मसजिदबंदर_वायरिंग | बुधवार, रात्री ९.१०

जरा वेगळं. आमच्या पट्ट्यात, बंदराच्या जवळ, पावसाळ्यात आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात. तेव्हाही सीआरसी वाढतात. मग डुप्लेक्स की केबल हे कसं ओळखायचं? मी आजवर पॅच कॉर्ड बदलून बघतो, गेलं तर गेलं.

रॅकताई | बुधवार, रात्री ९.४०

दुसऱ्या टोकाचा लेट कोलिजन काउंटर बघून. एका टोकाला सीआरसी आणि दुसऱ्याला लेट कोलिजन, तर डुप्लेक्स. सीआरसी आहेत पण दोन्ही टोकं फुलवर आणि कोलिजन कुठेच नाही, तर केबल, पिना, किंवा लिफ्टच्या मोटारीशेजारून नेलेली वायर. दोन्ही टोकं हाफवर असूनही लेट कोलिजन, तर केबल १०० मीटरच्या पुढे गेलीय का ते मोजा किंवा कार्ड बिघडलेलं. शिवाय डुप्लेक्सवाले एरर ट्रॅफिकबरोबर वाढतात, रात्री ऑफिस बंद झाल्यावर जवळजवळ थांबतात. हिरव्या पिना रात्रीही गप्प बसत नाहीत, जेवढं काही जात असेल त्यातलं खातच राहतात.

मसजिदबंदर_वायरिंग | बुधवार, रात्री ९.५५

हे लिहून रॅकच्या दाराला चिकटवतो. आणि लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल, तिच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी शिव्या द्यायला येतो.

बॅलार्डपिअरकर | शुक्रवार, दुपारी १.३०

आयएसपीचा फील्ड इंजिनियर आला होता. भला माणूस निघाला. म्हणाला, त्यांच्याकडे या सगळ्या जुन्या कनेक्शनांना कन्व्हर्टर १०० फुलवर लॉक करूनच बसवलेत, ऑटो करायचं तर ऑफिसातून मंजुरी लागेल. मग त्याच्यासमोरच राउटरच्या ०/१ ला स्पीड १००, डुप्लेक्स फुल लिहिलं. काउंटर पुसले. मॅनेजरांनी एक जाडजूड फाईल चढवली, चहा यायच्या आत गेली. लेट कोलिजन शून्यावरच आहे.

हार्डकोडभाऊ, ही फेरी तुमची.

हार्डकोडभाऊ | शुक्रवार, दुपारी १.४०

😄 घेतली.

सीप्झकर | शुक्रवार, दुपारी २.००

त्या ०/१ वर आता सीडीपीही बंद कर, नो सीडीपी एनेबल. तुझ्या राउटरचं नाव, मॉडेल, आयओएसची आवृत्ती बाहेरच्या दिशेला दर मिनिटाला सांगायची काही गरज नाही.

बॅलार्डपिअरकर | शुक्रवार, दुपारी २.२०

केलं. आता राहिला वरचा मजला. स्विचवर ०/१२, समोर जुन्या राउटरचं इथरनेट०. इथे काहीच लागू पडत नाहीये. ०/१२ वर ए-फुल, ए-१०० आहे, म्हणजे ठोकलेलं नाही. एरर एकही नाही, ना एफसीएस ना रंट. पण वॉर्निंग मात्र इमानेइतबारे दर मिनिटाला. त्या राउटरचं पोर्ट दहा एमबीचं आहे, फक्त हाफ, त्याला दुसरं काही जमतच नाही. त्याच्यावरही लेट कोलिजन शून्य.

नवशिकी_नेरळ | शुक्रवार, दुपारी २.५०

थांबा. स्विचचं पोर्ट १०० वर आहे आणि राउटरचं १० वर? एकाच केबलच्या दोन टोकांना दोन वेगळे स्पीड कसे असतील? काकांनी वर लिहिलंय, स्पीड जुळला नाही तर लिंक उठतच नाही.

केबलकाका | शुक्रवार, दुपारी ३.००

शाब्बास गं पोरी. म्हणजे एकच केबल नाहीये. मध्ये काहीतरी आहे.

सीप्झकर | शुक्रवार, दुपारी ३.१०

मध्ये साधा बिनव्यवस्थापनाचा स्विच आहे, पाच किंवा आठ पोर्टांचा, कुणाच्या तरी टेबलाखाली. त्याची आणि तुझ्या ०/१२ ची जोडी १०० फुल. त्याची आणि जुन्या राउटरची जोडी १० हाफ, पॅरलल डिटेक्शनने, अगदी नियमाप्रमाणे. दोन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर. सीडीपीची फ्रेम एका मल्टिकास्ट पत्त्यावर जाते. सिस्कोचा स्विच ती स्वतःच गिळतो, पण या मुक्या स्विचला ती ओळखू येत नाही, तो सगळीकडे उधळतो. म्हणून वरच्या स्विचला वाटतं तो राउटर आपल्याच केबलच्या टोकाला आहे. वॉर्निंग खोटी आहे.

शो मॅक अॅड्रेस-टेबल इंटरफेस ०/१२ बघ, एकापेक्षा जास्त मॅक, म्हणजे कार्डांचे पत्ते, दिसतील.

महापेचा_रात्रपाळीवाला | शुक्रवार, दुपारी ४.३०

एलएलडीपी (सीडीपीसारखाच, पण सगळ्या कंपन्यांचा) असता तर ही भानगड सहसा झाली नसती. त्याच्या पत्त्याच्या फ्रेम पुढे पाठवायच्या नाहीत असा ब्रिजला, म्हणजे स्विचलाही, नियमच आहे, त्यामुळे शेजारी खरोखर शेजारी असतो. स्वस्तातले काही डबे नियम पाळत नाहीत ती गोष्ट वेगळी.

बॅलार्डपिअरकर | शनिवार, सकाळी ११.४०

सापडला. अकाउंट्सच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलामागे, आठ पोर्टांचा, वर धुळीचा थर. त्यात जुना राउटर, एक प्रिंटर आणि हजेरीचं मशीन. मॅक तीन दिसले होते, बरोबर जुळलं. जुना राउटर एका लीज्ड लाइनसाठी आहे, ती लाइन मार्चपर्यंत ठेवायचीय म्हणतात, तेव्हा तो काढता येत नाही. जुन्या राउटरसाठी खास केबल ओढायची तर दगडी भिंत फोडावी लागेल, मालक नको म्हणतो.

मग आता नो सीडीपी लॉग मिसमॅच डुप्लेक्स मारू? साहेब खूश होतील.

रॅकताई | शनिवार, दुपारी १२.१०

सगळ्या स्विचवर नको. ग्लोबल मारलात तर उद्या खरा मिसमॅच आला तरी तोंड बंदच राहणार. फक्त ०/१२ वर करा.

हार्डकोडभाऊ | शनिवार, दुपारी १२.२५

मी तर म्हणतो वॉर्निंग असू द्या. त्रास काय देतेय?

रॅकताई | शनिवार, दुपारी १२.४०

दर मिनिटाला एक खोटी ओळ, म्हणजे दिवसाला १४४०. त्यात एखादी खरी ओळ आली तर कोण वाचणार? आणि लॉगचा बफर छोटा असतो, कामाच्या ओळी मागे ढकलल्या जाऊन पुसल्या जातात. खोटी ओरड बंदच करायची, पण तिच्याच पोर्टावर.

बॅलार्डपिअरकर | शनिवार, दुपारी १.१५

०/१२ वर नो सीडीपी एनेबल केलं. लॉग शांत.

सीप्झकर | शनिवार, दुपारी १.२०

डिस्क्रिप्शन लिहिलंस का? तिन्ही पोर्टांवर लिही. तुझ्यानंतर येणारा ०/१ वरचं ठोकलेलं बघून ऑटो करून टाकेल, आणि त्याच्यासाठी वॉर्निंगही येणार नाही.

बॅलार्डपिअरकर | शनिवार, दुपारी १.३५

लिहिलं. राउटर ०/१: कन्व्हर्टर १०० फुल लॉक, ऑटो करू नये, आधी आयएसपीला विचारा. स्विच ०/२४: राउटरकडे, दोन्ही टोकं ऑटो. वरचा स्विच ०/१२: मध्ये आठ पोर्टांचा स्विच, अकाउंट्सच्या टेबलामागे, म्हणून सीडीपी बंद, लीज्ड लाइन गेली की चालू करा.